अक्कयम्माच्या हातची कॉइल

हे अमरनारायणा, कैवारच्या डोंगरपायथ्याशी उभ्या असलेल्या सावळ्या स्वामी, तुला वंदन असो. तू दिसत नाहीस, तुझी ऊब तेवढी जाणवते. तारेतून धावणारी शक्ती तरी कुणी पाहिली आहे? तार तापते, लाल होते, खोलीतला गारठा पाय मागे घेतो, तेव्हा आपण म्हणतो की ती आली. तसाच तू. जिथे वाट मोकळी असते तिथून तू गुपचूप निघून जातोस; जिथे तुला कोणी अडवते, कोणी धरून ठेवते, तिथेच तू तेज होऊन प्रकट होतोस. ज्याने सारे आयुष्य तारेतला हा अडथळाच मोजण्यात घालवले, त्या तुझ्या एका साध्या लेकराची कथा आज सांगायची आहे. देवा, माझ्या वाणीला ताण दे. पण ती तुटणार नाही एवढाच दे.

त्या लेकराचे नाव मुनिशामप्पा.

शिडलघट्ट्याला रेशमाच्या कोषांचा बाजार भरतो, त्या बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचे दुकान होते. दुकान म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि बाहेर एक दगडी कट्टा. मागे तेवढेच एक स्वयंपाकघर. हीटरच्या कॉइली वळणे हा त्याचा धंदा. कोलारच्या पठारावर मार्गशीर्ष-पौषाची थंडी हाडांत शिरते, आणि रेशमाची अळी माणसापेक्षा नाजूक; तिला ऊब लागते, आणि ती कमीही चालत नाही, जास्तही चालत नाही. म्हणून गावोगावचे अळीपालक त्याच्याकडे येत. आलेल्या माणसाला मुनिशामप्पा नाव विचारीत नसे, जात विचारीत नसे. तो विचारी, "गाव कुठलं? आणि घर तारेच्या कुठल्या टोकाला?"

हे विचारणे अडाणीपणाचे नव्हते. सरकारी हिशेबात वीज सगळीकडे दोनशे तीस व्होल्टची. पण लांबच लांब तार ओलांडून, पंधरा पंपांना पाणी पाजून ती टोकाच्या गावी पोहोचे तेव्हा तिचा जीव अर्धा झालेला असे. कुठे दोनशे, कुठे एकशे नव्वद. बेविनगुट्टा नावाच्या गावी तर संध्याकाळी एकशे सत्तर. बाजारातला हजार वॉटचा हीटर तिथे लावला तर साडेपाचशेचीही धड ऊब देईना. लोक कंपनीला शिव्या देत आणि मुनिशामप्पाकडे येत. मुनिशामप्पा प्रत्येक गावी एकदा स्वतः जाऊन, मीटर लावून, त्या गावचे व्होल्ट पाहून आला होता आणि ते त्याच्या मनात पक्के बसले होते. त्या मुलखात मुली देतानासुद्धा बाप चेष्टेने विचारीत, "स्थळ चांगलं आहे हो, पण मुनिशामण्णा, गाव किती व्होल्टचं?"

मग तो डोळे मिटून हिशेब करी. ऊब हवी हजार वॉटची. गावाचा जोर एकशे सत्तर. हजाराला एकशे सत्तरने भागले की सहाला थोडा कमी, एवढे अँपिअर तारेतून वाहायला हवेत. आता एकशे सत्तरला त्याने भागले की एकोणतीस ओहम, एवढा अडथळा तारेत हवा. दोनशे तीसच्या गावाला हाच अडथळा जवळजवळ दुप्पट लागला असता. पण जिथे ढकलणाराच अशक्त, तिथे वाट सोपी करून द्यावी लागते. म्हणून बेविनगुट्ट्याची कॉइल आखूड. ती तो मीटरने मोजी, आणि त्याची बायको अक्कयम्मा दोन्ही हात पसरून वावेने मोजी, आणि दोघांचे मोजमाप एका बोटाच्याही फरकाशिवाय जुळे. तेव्हा ती म्हणे, "तुमच्या मीटरला बॅटरी लागते. माझ्या हातांना रागीचा एक गोळा पुरतो."

कॉइल वळणे हे एकट्याचे काम नव्हे. एकाने लोखंडी सळईची मूठ फिरवायची, दुसऱ्याने तार चामड्याच्या तुकड्यात धरून ताण द्यायचा. ताण ढिला पडला की वेढे विस्कटतात. ताण जास्त झाला की तार त्या जागी बारीक होते, आणि जिथे बारीक तिथे अडथळा जास्त, तिथेच ती आधी लाल होते आणि तिथेच एक दिवस तुटते. मुनिशामप्पा मूठ फिरवी. ताण अक्कयम्माचा. चामडे असूनही तिच्या उजव्या तळव्यावर तारेची एक आडवी रेघ उमटली होती. ज्योतिषाला हात दाखवायला गेली तर तो म्हणाला होता की ही रेघ शास्त्रात नाही. तार ओढता ओढता ती नारायणाचे नाव गुणगुणे, आणि मूठ त्या नामाच्या लयीत फिरे. मूल-बाळ झाले नाही. घरात तिसरा आवाज असा नव्हताच. पण ते दोन आवाज इतके एकात एक गुंतलेले होते की तिसऱ्याची उणीव क्वचितच ऐकू येई.

एका पावसाळ्यात तिला ताप आला आणि त्या तापातच ती गेली.

ताप येण्याच्या आदल्या दिवशी दोघांनी एक कॉइल वळली होती, बेविनगुट्ट्याच्या मापाची. ज्याने सांगितली होती ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकले नाही. ती कॉइल देवाच्या कोनाड्याशेजारी खिळ्याला लटकत राहिली. नवी तार चांदीसारखी लखलखते. एकदा वीज तिच्यातून गेली, एकदा ती लाल झाली, की काळवंडते, आणि मग ते तेज पुन्हा येत नाही. खिळ्यावरची ती कॉइल लखलखतच राहिली, कारण तिच्यातून अजून काहीच गेले नव्हते. कुणी विकत मागितली तर मुनिशामप्पा म्हणे, ती दिलेली आहे.

पुढे तो एकटा वळू लागला. तार खिडकीच्या गजावरून घेऊन तिच्या टोकाला त्याने एक दगड बांधला. दगड सारखा ताण देतो हे खरे. पण तार कुठे अडली, गजाला घासली, तर ते दगडाला कळत नाही. अक्कयम्माला कळे. मूठ फिरवताना सवयीने त्याच्या तोंडून निघून जाई, "ढील देऊ नकोस गं," आणि मग तो दगडाकडे पाही आणि गप्प होई. सकाळी चुलीवर रागीचे, म्हणजे नाचणीचे, पीठ घेरताना हात दोन गोळ्यांचेच पाणी ठेवीत. दुसरा गोळा तो दुपारी खाई, आणि दुपारी तो थंडगार असे.

हळूहळू कट्टाही रिकामा पडला. पूर्वी बाजार उठला की अळीपालक त्या कट्ट्यावर येऊन बसत, कारण अक्कयम्माच्या हातचा कॉफीचा लोटा तिथे मिळे. कुठल्या गावी लग्न, कुठल्या गावी भांडण, कोणाच्या विहिरीला पाणी लागले, सगळे त्या कट्ट्यावर कळे. आता कॉफी नव्हती. बाजारात पंख्याचे तयार हीटर आले होते. आणि त्यातच कुणीतरी म्हणाले की म्हाताऱ्याच्या हातात आता ती गोष्ट राहिली नाही, अक्का गेल्यापासून कॉइली लवकर जळतात. हे बोलणे त्याच्या कानांवर आले. त्याने ते नाकारले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो आपले दोन्ही तळवे पाही, आणि त्याला वाटे, असेल, खरेही असेल.

मनापासून त्याला धरून राहिले ते एकच घर. बेविनगुट्ट्याची पिळ्ळम्मा.

पिळ्ळम्मा चॉकीची खोली चालवी, म्हणजे अंड्यांतून निघालेल्या अगदी कोवळ्या अळ्या पहिले काही दिवस तीच सांभाळी आणि मग त्या साऱ्या गावाला वाटून देई. तिच्या त्या एका बंद खोलीत गावाच्या सगळ्या घरांचे पुढचे पीक झोपलेले असे. पंख्याचा हीटर तिला चालत नसे. त्याच्या वाऱ्याने तुतीची चिरलेली पाने वाळतात आणि वाळलेले पान कोवळ्या अळीला कुरतडता येत नाही. तिला हवी ती मुनिशामप्पाची पेटी, खाली कॉइल आणि वर पाण्याचे भांडे. त्याने एकट्याने वळलेली पहिली कॉइल तिच्याच घरी गेली होती. ती घेताना तिला हे ठाऊक होते, आणि ती काही बोलली नव्हती. फक्त बाजाराच्या दिवशी कधी अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा, कधी केळीचा फणा बसच्या कंडक्टरच्या हाती त्याला पाठवीत राहिली. त्या पोहोचल्या की मुनिशामप्पाला दिवसभर वाटे, आज कोणीतरी बोलले.

धनुर्मासातली एक सकाळ. देवळातले भजन संपून हुग्गीचा, मूगडाळीच्या खिचडीचा, प्रसाद वाटून झाला होता, गल्लीत धुके अजून होते. बेविनगुट्ट्याचा बच्चण्णा आपली हीटरची पेटी काखोटीला मारून आला आणि ती त्याने कट्ट्यावर आपटली.

बच्चण्णा म्हणाला, "मुनिशामण्णा, रागावू नको. पण अक्का होती तोवर तुझी कॉइल सुनेपेक्षा जास्त टिकायची. ही दसऱ्याला नेली आणि संक्रांत बघेना. आमच्या आळीत जळालेली माझी चौथी."

कॉइल काढून मुनिशामप्पा खिडकीच्या उजेडात गेला. ताण चुकलेली कॉइल कशी मरते ते त्याला ठाऊक होते. ती एका जागी बारीक होते, तिथे जळते आणि बाकीची धडधाकट राहते. ही तशी नव्हती. ही या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी ठिक्कर पडली होती, सगळे वेढे लोंबले होते, आणि बोट लावताच तिचा भुगा होत होता. एका जागचा दोष असा दिसत नाही. हिला सगळीलाच तिच्या ताकदीबाहेर राबवले होते.

त्याने मान वर केली. "घरात दिवे कसे लागतात हल्ली?"

"दिवे? लग्नघर वाटतं. का, तुला ठाऊक नाही? विजेची नवी डीपी बसली की गावात, अगदी देवळामागं. हळद-कुंकू लावलं, नारळ फोडले, पोराटोरांना चुरमुरे वाटले. पंधरवडा झाला. सगळ्या शिडलघट्ट्याला माहीत आहे."

"मला नव्हतं," मुनिशामप्पा म्हणाला.

बच्चण्णाची नजर त्या रिकाम्या कट्ट्यावर गेली.

दोष हाताचा नव्हता. केवढा तरी मोठा दगड छातीवरून उतरावा तसे मुनिशामप्पाला वाटले. पण देवाने ते समाधान त्याला दोन श्वासांपुरतेच दिले. कारण मन सवयीने हिशेबाला लागले होते. अडथळा एकोणतीस ओहम. जोर आता दोनशे तीस. दोनशे तीसला एकोणतिसाने भागले म्हणजे आठ अँपिअर. आणि दोनशे तीस गुणिले आठ म्हणजे अठराशेच्या वर वॉट. ज्या खोलीला हजार हवे तिथे अठराशे. बेविनगुट्ट्यात त्याने वळलेली प्रत्येक आखूड कॉइल आज दुपटीच्या घरात जळत होती, आणि त्यातली एक पिळ्ळम्माच्या खोलीत होती.

त्याने विचारले, पिळ्ळम्माकडे काय चालले आहे. बच्चण्णा म्हणाला की कुणास ठाऊक. तिच्या अळ्या बसल्या आहेत, कात टाकायला मान वर करून निश्चल झाल्या आहेत, आणि अशा वेळी परक्याने तिच्या दाराशी जायचे नाही हा गावाचा नेम. अळीच्या त्या झोपेला तिकडे ताप म्हणतात, आणि तापाच्या घरी जशी वर्दळ नको तशीच तिथेही नको. आत ऊब जास्त झाली तर अळ्या झोपेतच होरपळणार. कॉइल तुटली तर पहाटेच्या गारठ्यात काही उठणार, काही उठणारच नाहीत. दोन्हीकडून गावाचे पीक जाणार, आणि जाणार ते मुनिशामप्पाच्या कॉइलीने.

"तुझी पेटी इथंच ठेव," तो बच्चण्णाला म्हणाला. "आणि गावात सांग, आज कुणी हीटर लावू नका. माझ्या नावानं सांग."

उपाय त्याला समोर दिसत होता. अडथळा दुप्पट करायचा. तेवढी लांब नवी कॉइल वळायची. त्याने तारेचे रीळ उचलले. रिळावर हातभर तार उरली होती. गिऱ्हाईकच नव्हते, तर नवी तार बंगळूरहून मागवायची कुणासाठी? ती यायची म्हणजे आठवडा. दुसरा मार्ग होता: पिळ्ळम्माच्या कॉइलीला तिच्याच मापाची दुसरी कॉइल टोकाला टोक लावून जोडायची. दोन एकोणतीस म्हणजे अठ्ठावन्न. दोनशे तीसला अठ्ठावन्नाने भागले की चार अँपिअर, आणि दोनशे तीस गुणिले चार म्हणजे नऊशे वीस वॉट. खोलीला पुरेल इतके.

बेविनगुट्ट्याच्या मापाची एकच कॉइल दुकानात होती.

तो खिळ्यासमोर उभा राहिला. धुके विरले, ऊन खिडकीच्या गजावर आले, गजावरून त्या कॉइलीवर आले, आणि तिचा एक एक वेढा उजळला. किती सारखे ते वेढे! जणू कुणी नाम घेता घेता ओढलेले. त्याचा हात वर गेला आणि खाली आला. मग स्टँडवरून बसचा भोंगा ऐकू आला. त्याने कॉइल काढली, अक्कयम्माच्या जुन्या लुगड्याच्या पदरात गुंडाळली, बच्चण्णाच्या पेटीतली मातीची खाचांची पाटी मीटरांबरोबर पिशवीत टाकली आणि दुकानाला कडी घातली. बसमध्ये ती गुंडाळी त्याने मांडीवर धरली होती. शेजारच्या बाईने विचारले की काय नेता, प्रसाद का? तो हो म्हणाला.

पिळ्ळम्माने दार किलकिले केले. डोळे लाल, केस विस्कटलेले, हातात फडके. मुनिशामप्पाला पाहून ती दचकली.

नेमाप्रमाणे त्याने दारातल्या चुन्याच्या पाण्यात पाय बुडवले आणि आत गेला. खोलीत ऊब होती, बरोबर होती, आणि ती का बरोबर आहे हे त्याला बटणाशेजारची चटई पाहून कळले. चटईवर पाण्याचा तांब्या, भाकरीचा अर्धा तुकडा आणि तापमापी. पिळ्ळम्मा किती दिवस-रात्री तिथे बसून होती. पारा चढला की बटण बंद, उतरला की चालू. डोळा लागू नये म्हणून ती वेणी खिडकीच्या कडीला बांधून बसे, वेणीची दोरी अजून कडीतच होती.

"तू सांगितलं का नाहीस?" त्याने विचारले.

ती खाली पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "लोक आधीच बोलतात मामा. त्यात मीही पेटी घेऊन तुमच्या दारात आले असते तर तुम्हाला काय वाटलं असतं? म्हटलं, ही बारी अशीच काढू." आणि मग, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कुणी बसतं का कट्ट्यावर? जळलेल्या कॉइलीनं सांगितलं."

तिने त्याचे मन दुखू नये म्हणून त्याला कळवले नव्हते, आणि त्याला कोणी कळवत नाही हेच त्याचे सगळ्यात मोठे दुखणे होते. सुपांमध्ये हजारो अळ्या माना वर करून स्तब्ध होत्या, जणू ध्यानाला बसलेल्या.

मग तो कामाला लागला. चिमट्याचा मीटर तारेभोवती धरून त्याने बटण दाबले. काटा आठाजवळ गेला. दुसरा मीटर दोनशे तीस दाखवत होता. डोक्यातला हिशेब आणि काट्याचे म्हणणे एकच. पिळ्ळम्माने पाहिले आणि तिच्या मनातला प्रश्न विचारला: व्होल्ट तर साठच वाढले, म्हणजे निम्म्यानेही नाही, मग खोली दुप्पट कशी तापते?

"पोरी, ढकलणारा जोरात ढकलायला लागला की वाटेनं जाणारेही वाढतात ना? जोर वाढला तो वाढलाच. त्यानं धारही वाढली. आणि ऊब म्हणजे जोर गुणिले धार. वाढ एकदा नाही, दोनदा मोजावी लागते."

ती म्हणाली, "माणसाचंही असंच होतं. एक माणूस घरातून जातं आणि दोनदा कमी होतं."

त्याने वीज बंद करून तिची कॉइल काढली, उजेडात तपासली. तिने ती कधी फार वेळ तापू दिली नव्हती, म्हणून ती अजून शाबूत होती. मग त्याने पदराची गाठ सोडली.

त्या लखलखीत वेढ्यांकडे पाहताच पिळ्ळम्माला समजले. "ही नको मामा. अक्कांची आहे ही. मी शेजारून कुणाची तरी जुनी घेऊन येते. दहा घरांत पडल्यात."

म्हणजे सुटका होती. दारातून बाहेर पडून शेजारच्या घरी जाऊन यायचे, एवढेच. कॉइल पुन्हा पदरात जाईल, पुन्हा खिळ्यावर जाईल, ऊन पुन्हा रोज सकाळी तिच्यावर येईल. नारायणाने भक्तापुढे ठेवलेली परीक्षा पुष्कळदा अशीच असते. तिच्यात नाही म्हणायला एक सोपे कारण ठेवलेले असते. मुनिशामप्पाची बोटे पदराच्या काठावर थांबली. बराच वेळ थांबली.

"त्या सगळ्या पंधरा दिवस दुपटीनं जळल्यात," तो शेवटी म्हणाला. "बाहेरून बऱ्या दिसतील, आणि रात्री एखादी तुटेल. तू तेव्हा जागी असली पाहिजेस. आणि तुला आज झोपलं पाहिजे."

मातीच्या पाटीच्या खाचांत त्याने ती कॉइल बसवली. हळूहळू, एक एक वेढा, जसे कुणाला अंथरुणावर निजवावे. तिचे एक टोक पिळ्ळम्माकडच्या, आपण एकट्याने वळलेल्या कॉइलीच्या टोकाला पितळी चाकीने आवळले. पुन्हा एकदा सगळे तपासले. मग हात जोडले आणि पिळ्ळम्माला म्हणाला, "तू लाव."

तिने बटण दाबले. काटा चाराजवळ जाऊन थांबला. काही क्षण काहीच झाले नाही. मग दोन्ही कॉइलींत एक मंद लाली उमटली, डोंगरामागून उजाडावे तशी. जेवढी धार एकीतून जात होती तेवढीच दुसरीतून जात होती, तसूभर कमी नाही, जास्त नाही. एकामागोमाग एक जोडलेल्यांना वाटा वेगळा नसतो. एकटी असताना जी दुपटीने जळत होती तीच आता जोडीला दुसरी येताच शांत झाली होती.

अक्कयम्माच्या कॉइलीची लाली या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी होती. मुनिशामप्पाच्या कॉइलीत दोन वेढे इतरांहून थोडे अधिक उजळ दिसत होते. पिळ्ळम्माला ते दिसले की नाही कोण जाणे. त्याला दिसले. तिथे तार गजाला घासली असेल, आणि दगडाला कळले नसेल. बच्चण्णाच्या आळीतल्या कॉइली हाताने मेल्या नव्हत्या, हे खरे होते. आणि हात पूर्वीचा राहिला नव्हता, हेही खरे होते. तो दोन्ही सत्यांपुढे उकिडवा बसून राहिला. चांदीसारखी तार त्याच्या डोळ्यांदेखत काळवंडत गेली.

पिळ्ळम्माने त्याला रागीचा गोळा आणि अवरेचे सार वाढले. मुक्काम करा म्हणाली. त्याने मानेने नाही म्हटले. तो निघाला तेव्हा ती सवयीने वेणी पुन्हा कडीला बांधून चटईवर बसल्या बसल्याच झोपी गेली होती. त्याने तिची वेणी खिडकीच्या कडीतून सोडवली आणि दार ओढून घेतले. बाहेर दिवेलागण झाली होती. बेविनगुट्ट्याच्या घराघरांतले दिवे इतके लख्ख होते की त्याला आपले गाव चुकले की काय असे वाटले. देवळामागे नव्या डीपीच्या खांबावर वाळलेला हार अजून लटकत होता. त्याने तिलाही नमस्कार केला. तिचा काय दोष?

घरी आल्यावर तो खिळ्याकडे पाहणार नव्हता, पाहिलेच. भिंतीवर कॉइलीच्या आकाराची एक फिकट खूण राहिली होती. लुगड्याचा रिकामा पदर त्याने नीट घडी करून कोनाड्यात ठेवला. त्या रात्री घर आणखी एका माणसाने रिकामे झाले होते.

दोन दिवसांनी, ऊन कलते झाले असता, बेविनगुट्ट्याची बस गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि कंडक्टरने बसमधूनच हाक दिली, "मुनिशामप्पा, पिळ्ळम्मानं सांगितलंय, सगळ्या एकदम उठल्या. एकही मागं राहिली नाही. पानं खातायत, पाऊस पडल्यासारखा आवाज येतोय म्हणाली. आणि तिनं हेही सांगितलंय की तिथं काही नवं-जुनं झालं तर आता मी तुम्हाला सांगत जायचं. म्हणजे बघा, माझ्या तिकिटांच्या कामात हेही आलं."

मुनिशामप्पा हसला. पुष्कळ दिवसांनी हसला. बस गेली, धूळ खाली बसली. तो आत वळला आणि खिळ्यासमोर येऊन उभा राहिला. ऐकणारे कोणी नव्हते.

"ऐकलंस का गं?" तो म्हणाला. "सगळ्या उठल्या."

मग त्याने बंगळूरला तारेचे रीळ सांगून पाठवले, कारण बेविनगुट्टा आता दोनशे तीसचे गाव झाले होते आणि सगळ्यांना लांब कॉइली लागणार होत्या. रीळ येईल तेव्हा ताण कोण देणार, हे त्याला ठाऊक नव्हते. खिडकीच्या गजाखाली दगड होताच.

हे अमरनारायणा, या मुनिशामप्पाला सांभाळ. त्याच्या हातांतला कंप तुझ्या हाती घे, त्याच्या मुठीला तुझ्या नामाची लय दे, आणि तार गजाला अडेल तेव्हा दगडाला नाही कळले तरी तुला कळू दे. त्याच्या कट्ट्यावर पुन्हा माणसे बसोत, त्याचा दुसरा गोळा कोणीतरी गरम गरम खावो. जी त्याच्या आधी तुझ्या पायांशी आली आहे तिला सांग की तिने ओढलेली तार एका गावाच्या घराघराला ऊब देऊन गेली. आणि ज्या घरात आज एकच माणूस राहते, एकच दिवा लागतो, त्या घरातून, हे दयाघना, तुझी धार क्षणभरही तुटू देऊ नकोस. त्या घराचे कल्याण असो.